लाखभर जिरे

पावसाळ्यात आमच्याकडे समुद्रावर मासेमारीला बंदी असते. माशांनी पोरं काढायची आणि माणसांनी जाळी शिवायची, असा तो सरकारी बेत आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर बोटी वर चढवलेल्या असतात, आणि माझ्यासारख्या मासे विकणाऱ्या बायका सुक्या बोंबलाच्या टोपल्यांपुढे बसून एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत असतात. यंदा त्या बोलण्यात माझ्या सुनेची पाळी आली, तेव्हा मी उठले आणि नाशिकची गाडी धरली.

नाशिकला माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी राहते, शुभांगी. एका संस्थेत तळ्यांतल्या मासेमारीचं काम बघते. हरसूलच्या पुढे डोंगरात एका पाड्यावरच्या बायकांच्या बचत गटाने गावचं तळं मासे वाढवायला घेतलं आहे. या बायका दरवर्षी भातकापणी झाली की पोराबाळांसकट निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत. तळ्यात मासे झाले तर यंदा घर सोडून जायला नको, एवढीच त्यांची आशा. गेल्या साली सोडलेले सगळे मासे मेले होते. यंदाही मेले तर गट मोडणार, हे बायकांनी शुभांगीला तोंडावर सांगून टाकलं होतं.

"मावशी, तू ये," ती फोनवर म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, माझी मावशी समुद्राकडची आहे, तिला माशातलं सगळं कळतं."

मला माशातलं सगळं कळतं हे खरं आहे. फक्त तो मेल्यानंतरचं. आमच्याकडे पुरुष समुद्रावर जातात आणि आम्ही बायका विकतो. डोळा बघून, कल्ला उघडून मासा कधीचा ते मी सांगेन, पण जिवंत मासा काय खातो आणि कशाने मरतो, याची मी आजवर चौकशी केली नव्हती. हे शुभांगीला सांगायला हवं होतं. पण कोणी आपली एवढी तारीफ करत असताना मध्येच तोंड घालणं मला बरं वाटेना.

एकलहरे

नाशिकचे लोक गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, या शहरातले सगळेच काशीला निघालेत.

सकाळी शुभांगीने मला मिसळ खायला घातली. पापड, दही, तर्री, कांदा, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत आलं आणि स्वयंपाक आपला आपणच करायचा असतो असं कळलं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. आमचं तिखट जिभेवर बसतं, हे थेट कानात जातं. पण पावाने पुसून वाटी मी स्वच्छ केली, खोटं का बोला.

मग ती मला एकलहऱ्याकडे घेऊन गेली. विजेच्या कारखान्याची धुराडी समोर, आणि अलीकडे हिरवंगार सपाट मैदान. वर जांभळ्या फुलांचे तुरे. मी म्हटलं, "काय छान बाग ठेवलीय गो." आणि शुभांगी "मावशी, थांब!" म्हणेपर्यंत मी बागेत पाऊल टाकलंसुद्धा.

ती बाग नव्हती, ती गंगा होती. गुडघ्यापर्यंत आत गेले. शुभांगीने छत्रीची मूठ पुढे करून मला ओढून काढलं. एक चप्पल आतच राहिली. ती आता कुठल्या गावाला लागली असेल ते गंगामाईलाच ठाऊक.

"हीच ती पाणवेल," शुभांगी म्हणाली. "पुस्तकात जलपर्णी म्हणतात. पाण्यावर अशी गोधडी पांघरते की खाली ऊन नाही, हवा नाही. मासे गुदमरून मरतात. एक रोप टाकलं तर थोड्या दिवसांत त्याचं सगळं गोत जमा होतं. पाड्यावरच्या तळ्यात हेच झालंय."

मी एका पायात चप्पल घालून उभी होते. वेलीबद्दल माझं मत तिथेच कायमचं ठरलं.

पाडा

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वराला जीपमधूनच हात जोडून आम्ही डोंगरात शिरलो. हरसूलच्या पुढे रस्ता वळणावळणाचा. दोन्हीकडे चिखल केलेली भाताची वावरं, वर नागलीचे उतार. तळं पाड्याच्या खालच्या अंगाला. ते आहे असं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी पुन्हा बाग म्हणाले असते.

गटाची अध्यक्ष हिराबाई. काळीसावळी, काटक, आवाज असा की आमच्या लिलावात हिच्यापुढे कोणी बोली लावली नसती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मावशी, तुमच्या समुद्रात मासं कोन सोडतं?"

"कोणी नाही. देवच सोडतो."

"मंग तुमचं बरं हाय. आमच्याकडं देवाला येळ नाय. आमालाच सोडावं लागत्यात."

जेवायला नागलीची भाकर, खुरासणीची चटणी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. आता मी गोड्या पाण्यातल्या माशाला आयुष्यभर नावं ठेवत आलेली बाई आहे. मीठ विसरलेली आमटी, असं मी त्याला म्हणते. पण तो खेकडा खाल्ला आणि गप्प बसले. हिराबाईने दुसरा वाढला, तरी मी गप्पच. तिसऱ्याला "पुरे" म्हणाले, पण ताट मागे घेतलं नाही.

तळ्याचा एक कोपरा बायकांनी विळ्याने कापून मोकळा केला होता. तिथे बारीक जाळी लावून मासे सोडायचे, असं ठरलेलं. मी विचारलं, "एवढंसंच का? सगळं का नाही काढत?" तर सगळ्याजणी एकदम इकडेतिकडे बघायला लागल्या. शुभांगी हळूच म्हणाली, "मावशी, नंतर सांगते." मग जाळी बांधायच्या गडबडीत ते राहून गेलं. शुभांगी रात्री तिथेच थांबली. माझे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून रामदासने मला जीपने नाशिकला परत आणलं. रामदास जीप चालवतो. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तर "हो" एवढंच म्हणतो.

नाशिक, आणि वाण्याचं दुकान

सकाळी शुभांगीचा फोन आला. डोंगरात रेंज अशी की शब्दांचे तुकडे पोचतात, वाक्य पोचत नाही.

"मावशी, रामदास येतोय... येताना जिरे घेऊन ये..."

"किती?"

"लाखभर!"

"अगो, जिरे काय मोजून आणतात?"

"...ताजे बघून घे... उन्हात ठेवू नकोस... पिशवी हलवू नकोस..." आणि फोन बंद.

मी विचार केला, पोरगी बाजारहाटाच्या बाबतीत आईवर गेली आहे. मसाल्याच्या जिऱ्याला एवढं कोण जपतं! पण मासे सोडायच्या दिवशी गावजेवण असणार, पाड्यावर दुकान नाही, आणि लाखभर म्हणजे आपलं भरपूर. मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. चार दाणे दाताखाली चावून बघितले, ताजे होते. मोठी पिशवी भरून घेतली.

वाण्याने विचारलं, "लग्न आहे का काकू?"

"तळ्याचं काम आहे," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

पिशवी मी मांडीवर घेतली. ऊन लागू नये म्हणून वर पदर घातला. शहराबाहेर एका फाट्यावर रामदासने गाडी हळू केली.

"मावशी, जिरे घ्यायला थांबायचं ना?"

"घेतले मी."

"घेतले?" त्याने मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मग माझ्या मांडीकडे. "हे?"

"हो. चल आता."

आणि तो निघाला. नंतर त्याला विचारलं की तू बोलला का नाहीस, तर म्हणाला, "मला वाटलं, समुद्राकडची पद्धत असेल."

तळ्याकाठी

बायका नटून उभ्या होत्या. हिराबाईच्या हातात हळदकुंकवाचं ताट. जाळी बांधलेला कोपरा लख्ख चमकत होता. मी जपून उतरले, एखादं बाळ आणावं तशी पिशवी आणली आणि शुभांगीच्या हातात दिली. तिने तोंड सोडलं. आत बघितलं. वास घेतला.

"मावशी, हे जिरे आहेत."

"मग काय मोहरी आणायची होती?"

माशाचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू जिऱ्याच्या दाण्याएवढं असतं, म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे ते बोटाएवढं झालं की बोटुकली. पाणी आणि हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ते आणायचं असतं, आणि त्या पिशव्या त्या फाट्यावरच्या मत्स्यबीज केंद्रात आमची वाट बघत होत्या. आम्ही समुद्रात कधी बी पेरलं नाही, त्यामुळे आमच्या बोलण्यात हा शब्दच नाही. पापलेट लहान असलं तर आम्ही त्याला लहान पापलेट म्हणतो.

हिराबाई आधी हसली. मग सगळ्याच. एक बाई तर चिखलातच बसली. "मावशी, आता फोडणी टाका तळ्याला!" इतक्या वर्षांच्या धंद्यात माझी इतकी कोणी जिरवली नव्हती, आणि तीही जिऱ्याने.

शुभांगीने टेकडीवर चढून केंद्राला फोन केला. खाली आली तेव्हा तिचा चेहरा बघून हसणं थांबलं. आमची वाट बघून त्यांनी पिल्लं दुसऱ्या तळ्याला देऊन टाकली होती. आता पुढची आठवड्याने. ती मला एक शब्द बोलली नाही. जाऊन पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. ती भांडली असती तर मला चाललं असतं, भांडणात मी कमी नाही. पण तिची ती पाठ बघवेना.

म्हणून मी कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. "आठवडा आहे ना हातात? मग सगळी वेल का काढत नाही?"

"सासूबाई," हिराबाई म्हणाली आणि घराकडे मान केली.

भीमाबाई

हिराबाईची सासू ओटीवर बसून उडीद पाखडत होती. सगळी गोष्ट तिनेच सांगितली. नवरा गेला तेव्हा त्याच्या अस्थी नाशिकला रामकुंडात सोडल्या. परत वर येताना पायरीशी हे रोप आलं, जांभळ्या फुलाचं. तिने हात लावला तर ते हाताला चिकटलं.

"गंगामाईनं दिलं. तांब्यात घालून आनलं आन् तळ्यात सोडलं. माजा धनी हाय त्याच्यात. किती वाढलाय बघा."

मी शुभांगीकडे बघितलं, तिने मान खाली घातली. हवा, ऊन, गुदमरणं, सगळं तिने या म्हातारीला सांगून बघितलं होतं. म्हातारी म्हणायची, गंगामाईची वेल मासं मारील कशी? आणि म्हातारीला दुखवून कोणी विळा लावायला तयार नव्हतं. कोपरासुद्धा ती माहेरी गेली असताना कापला होता.

मी तिच्या शेजारी बसले. माझे यजमान गेले तेव्हा मीही असंच केलं होतं, त्यांची टोपी बोटीच्या डोलकाठीला बांधून ठेवली होती. वाऱ्याने ती फाटून गेली तेव्हा कुठे मी रडले. हे मी तिला सांगितलं. ती पाखडायची थांबली. मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले.

मग मी म्हटलं, "आजी, गंगामाई तुमच्याकडे पाहुणी आली ना? मग तिची पाठवणी करायला नको? किती वर्षं ठेवून घेणार? पाहुणीला परत पाठवलं नाही तर तिच्या घरचे काय म्हणतील?"

भीमाबाईने विचार केला. "खण-नारळ पायजे."

"नारळ माझ्याकडे आहे." खरंच होता. आम्ही कुठेही जाताना पिशवीत नारळ टाकतो.

"आन् विसर्जन पान्यातच करावं लागंल."

शुभांगी जवळजवळ किंचाळली. पाण्यात विसर्जन म्हणजे पुन्हा तेच! मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. "पाण्यातून आली तिला पाण्यात कसं पाठवायचं? ती तर आहे तिथेच राहील. जमिनीत पाठवू. तुमच्याच वावरात खड्डा खणू, वर माती घालू."

म्हातारीने होकार दिला. एक रोप तेवढं हंड्यात ठेवते म्हणाली, पण मी ऐकलं नाही. पाठवणी केल्यावर पाहुणीची पिशवी ठेवून घेत नाहीत.

रापण

आमच्याकडे रापण असते. लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायचे. ओढण्यात मात्र बायका असतात, आणि त्यातलं मला खरोखर कळतं. पाड्यातले बैलांचे दोर आणले, एकाला एक बांधले, मध्ये बांबू अडकवले. दोन बायका ट्रकच्या ट्यूबवर बसून दोर वेलीच्या पलीकडे घेऊन गेल्या. मलाही ट्यूबवर बसायचा आग्रह झाला. बसले. ट्यूबने मला ओळखलं आणि लगेच उलटवलं. हिराबाईने झिंज्या धरून बाहेर काढलं. "समुद्रात कसं जगता वो तुमी?" तिने विचारलं. मी म्हटलं, काठावर.

पहिलं रोप भीमाबाईने उपटलं. त्याला हळदकुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वडा आता."

ओढलं. सगळा पाडा ओढत होता. मी काठावर उभी राहून ओरडत होते: टाच रोवा, मागे झुका, झटका नको! ते जड हिरवं धूड आधी हलेचना, मग एकदम सरकलं आणि अर्धा पाडा मागच्या मागे चिखलात बसला. रोज असंच चाललं. विळ्याने तुकडा तोडायचा, ओढायचा, पाट्यांत भरायचा आणि वर वावरात नेऊन टाकायचा. हाताला फोड आले. शुभांगी माझ्याशी पुन्हा बोलायला लागली, पहिलं वाक्य असं की, "मावशी, तुझा आवाज जरा कमी कर, रामदास घाबरलाय."

शेवटची पाटी खड्ड्यात पडली तेव्हा भीमाबाई बांधावर उभी होती. ती एकदम हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"जल्मभर आवणीला अंग चोरलं यानं. रोपं लावायची म्हटली की कंबर दुखायची. आता आला वावरात!"

मग हिराबाई हसली, आणि मीही. मला रडूही येत होतं, ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामदास आणि मी फाट्यावरून जिरे आणले. खरे जिरे, फुगलेल्या पिशव्यांत. उजेडाकडे धरलं तर आत नुसतं धूसर काहीतरी वळवळत होतं. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, पिल्लांना तळ्याच्या गारव्याची सवय व्हावी म्हणून. मग हिराबाईने तोंडं सोडली, आणि ते कुठे गेले ते दिसलंसुद्धा नाही. इतक्या मोठ्या पाण्यात इतकं लहान काही सोडून माणसं घरी जाऊन झोपू शकतात, याचं मला नवल वाटलं. आम्ही समुद्रातून काढत आलो. तो परत भरतो की नाही, हे बघायचं काम दुसऱ्या कोणाचं तरी आहे असं आम्हाला वाटतं. बंदीच्या दिवसांत लपून बोट काढणारे आमच्याकडेही आहेत, आणि त्यांचं मी विकलेलंही आहे. यापुढे विकणार नाही, एवढं तिथे काठावर उभं राहून मनाशी ठरवलं.

निघताना माझी जिऱ्याची पिशवी परत घ्यायचा मी प्रयत्न केला. हिराबाईने दिली नाही.

हर्णै

हे लिहितेय तेव्हा थंडी पडली आहे. आमच्या बोटी केव्हाच पाण्यात गेल्या. द्राक्षबागांची कामं सुरू झाली असतील म्हणून माझं लक्ष फोनकडे होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. काल संध्याकाळी लिलाव चालू असतानाच फोन वाजला. हिराबाई होती. टेकडीवर चढून बोलत असणार, कारण वाऱ्याचा आवाज येत होता.

पाणवेलीची दोन-चार रोपं पुन्हा दिसली होती, म्हणाली, कुठून आली देव जाणे. भीमाबाई रोज काठाने फिरते आणि दिसलं की उपटून वावरात नेते. "धन्याला हाका मारीत फिरते. कुटं लपलास, चल कामाला."

"आणि द्राक्षाला कोण गेलं?" मी विचारलं.

"दोन घरं गेली. बाकी हाय इथंच. पोरं शाळंत जात्यात."

इकडे लिलाववाला माझ्या नावाने ओरडत होता. पापलेटाची टोपली दुसरीकडे चालली होती. जाऊ दे म्हटलं.

"मावशी, आज पयलं जाळं टाकलं. कालवण केलं. तुमचं जिरं घातलं त्यात, ते आज संपलं बगा."

"आणि तुमचं?"

ती हसली. तेवढ्यात रेंज गेली असं वाटलं, पण नाही, आवाज आला.

"आमचं हातात मावंना झालंय."